गोळी नळीबाहेर पडेपर्यंत

(स्मॉल बोअर रायफल नेमबाजीचा सराव करणारे तरुण व त्यांचे पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रायफलची अचूकता कशी वाढवावी, असा विषय मला देण्यात आला आहे. मी प्रशिक्षक नाही. कला शाखेचा पदवीधर, आणि उपजीविका लेखणीची. परंतु क्रीडावृत्ताच्या निमित्ताने वरळीच्या आणि बालेवाडीच्या रेंजवर नेमबाजांच्या मागे बसून पाहण्यात आणि त्यांना प्रश्न विचारण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्यातून जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवतो.

१ ऑगस्ट २०२४ या दिवशी फ्रान्समधील शातोरू येथे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ऑलिम्पिकचे कांस्यपदक मिळवले. पात्रता फेरीत तो ५९० गुणांसह सातवा होता आणि अंतिम फेरीत आठच जण जातात. खाशाबा जाधव यांच्या १९५२ मधील हेलसिंकीच्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी ७२ वर्षे वाट पाहावी लागली, हे त्या दिवशी सर्वांनी लिहिले, मीही लिहिले. मात्र ५९० म्हणजे काय, हे फारच थोड्यांनी सांगितले. ६० गोळ्यांत केवळ १० गुण गमावले, असा त्याचा अर्थ. पुढचे सारे बोलणे त्या गमावलेल्या गुणांविषयी आहे.

प्रथम लक्ष्याचे माप डोळ्यांपुढे आणा. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे. गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर. गोळीची कड वर्तुळरेषेला नुसती स्पर्शली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे गोळीचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असेल तर दहा, आणि त्यापुढे प्रत्येक ८ मिलिमीटरला एक गुण कमी. आता रायफलवरील पुढची आणि मागची साईट यांत साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरा. त्रैराशिक मांडून पाहा. या दोन साईटच्या जुळणीत सव्वा दशांश मिलिमीटरची चूक झाली की दहा हातचा गेला. वहीचा एक कागद सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड असतो. आपली मुले जी साधना करीत आहेत ती एका कागदाच्या जाडीत चालते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे आणि गुण कमी पडले म्हणून घरी गेल्यावर त्यांना बोल लावू नये.

व्याख्यानापूर्वी एका पालकांनी मला विचारले, 'मुलगी दीड वर्षे एकाच गुणसंख्येवर अडकली आहे. नवी परदेशी रायफल घ्यावी का? कर्ज काढायची तयारी आहे.' नव्या मॅच रायफलची किंमत काही लाखांत जाते. मध्यमवर्गीय घरात हा निर्णय लहान नव्हे. त्या रकमेत धाकट्या भावंडाच्या शिक्षणाचा वाटाही असतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी गुण कोठे जातात ते पाहू.

सर्वाधिक गुण जातात ते शरीराच्या बैठकीत. रायफल स्नायूंनी धरायची नसते, ती हाडांवर ठेवायची असते. स्नायू थकतो आणि थरथरतो. हाड थकत नाही. झोपून मारताना डावा कोपर जमिनीवर, पुढचा हात रायफलखाली टेकू म्हणून, आणि स्लिंगचा पट्टा भार पेलतो. हा पट्टा दंडावर चुकीच्या जागी आवळला की नाडीचा ठोका रायफलपर्यंत पोहोचतो आणि साईट तालात उडू लागते. अशा वेळी पट्टा थोडा वर वा बाहेरच्या बाजूला सरकवून पाहावा. गुडघा टेकून मारताना घोट्याखाली गुंडाळीची उशी असते आणि कोपर गुडघ्याच्या वाटीच्या टोकावर ठेवायचा नसतो, किंचित पुढे वा मागे ठेवायचा. हाडावर हाडाचे टोक आले की ते घसरते. उभ्या स्थितीत पट्टा वापरता येत नाही. तेथे डावा कोपर कमरेच्या हाडाजवळ टेकतो, कंबर लक्ष्याच्या दिशेने थोडी पुढे जाते आणि पाठ मागे झुकते. उभी स्थिती ही तिघांतील कठीण बहीण. शातोरूला स्वप्निल पदकाच्या स्थानावर चढला तो याच शेवटच्या टप्प्यात.

बैठक जमली, की पुढची परीक्षा अशी. नेम धरा, डोळे मिटा, दोन-तीन श्वास घ्या, अंग सैल सोडा आणि डोळे उघडा. साईट लक्ष्यावरच असेल तर उत्तम. ती उजवीकडे गेली असेल तर बहुतेक जण हाताने ओढून तिला मध्यावर आणतात. येथेच घात होतो. घोडा दाबण्याच्या क्षणी तो ओढणारा स्नायू सैल पडतो आणि रायफल आपल्या मूळ दिशेला परत जाते. हात लावायचा नाही, शरीर वळवायचे. झोपलेले असाल तर डावा कोपर जागेवर ठेवून कमरेकडचा भाग सरकवा, उभे असाल तर पावले हलवा. स्पर्धेत हे प्रत्येक गोळीपूर्वी निदान मनातल्या मनात तपासायला हवे. पहिल्या दहा गोळ्यांना तपासले आणि पुढे विसरले, असे असंख्य मुलांचे होते. गुणतक्ता पाहिला की ते लगेच कळते.

आता डोळ्यांविषयी. आपल्याकडे नेमबाजाचा सत्कार म्हटला की वक्ते अर्जुनाला आणि त्या पक्ष्याच्या डोळ्याला हटकून बोलावतात. कथा थोर आहे, परंतु रायफलधारी मुलाला ती शब्दशः सांगू नये. कारण येथे नजर लक्ष्यावर खिळवायची नसते. मागच्या साईटच्या छिद्रातून पुढच्या साईटचे कडे आणि त्या कड्यात लक्ष्याचे काळे वर्तुळ दिसते. मानवी डोळ्याला दूरचे आणि जवळचे एकाच वेळी सुस्पष्ट पाहता येत नाही. सुस्पष्ट दिसायला हवे ते पुढचे कडे. लक्ष्य किंचित धूसर राहिले तरी चालते, किंबहुना राहायलाच हवे. लक्ष्याकडे टक लावली की कड्याची जुळणी बिघडते, आणि तो मघाचा कागद आठवा. दुसरे असे, की कडे अतिशय लहान निवडू नये. काळ्या वर्तुळाभोवती पांढऱ्या प्रकाशाची फट अरुंद झाली की मन थोडा वेळ अजून, थोडा वेळ अजून असे करीत नेम लांबवते.

नेम लांबला की श्वास संपतो. श्वास सोडून नैसर्गिक विरामावर थांबावे आणि साधारण पाच ते आठ सेकंदांत गोळी सुटावी. त्यापुढे दृष्टी मंदावते आणि डोळ्यांना आधीचेच चित्र दिसत राहते. वेळ गेली तर रायफल खाली घ्यावी. ही कृती शिकवायला सोपी आणि पाळायला फार अवघड आहे. नेम सोडून देण्याचे धैर्य मला मोठ्या नेमबाजांत पदोपदी दिसले, नवशिक्यांत क्वचित. घोड्यावरचा दाब सरळ मागे आणि एकसारखा वाढता हवा. आता दाबतो, असे म्हणून दिलेला झटका नको.

आणि गोळी सुटल्यावर? तेथेच थांबा. .२२ च्या काडतुसात स्फोटक मिश्रण बुडाच्या काठात असते. पिन तो काठ चिरडते तेव्हा दारू पेटते. मॅच काडतुसाची गोळी मुद्दामच ध्वनीच्या वेगाहून कमी, सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर वेगाने जाते, कारण ध्वनीची सीमा ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डचमळते. ही संथ गोळी नळीत सेकंदाचे काही सहस्रांश रेंगाळते आणि लक्ष्य गाठायला सुमारे १/६ सेकंद घेते. ती नळीत असताना तुम्ही मान उचललीत तर गोळीही तुमच्याबरोबर उचलली जाते. म्हणून घोडा दाबल्यावर दोन सेकंद तसेच राहावे, साईट कोठे होती ते मनात टिपावे, आणि मगच पडद्याकडे पाहावे. 'गोळी नऊला, दोन वाजण्याच्या दिशेला गेली असेल' असे आधी सांगता येणे ही खरी प्रगतीची खूण.

काडतुसांविषयी पालकांनी एवढे जाणावे. मोठ्या रायफलची काडतुसे काही देशांतील नेमबाज घरी भरतात. या काडतुसाला तो मार्ग नाही. म्हणून निवड हाच उपाय. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो, आणि जो लॉट एका नळीला मानवतो तो दुसरीला मानवेलच असे नाही. रायफल चाचणीच्या पकडीत घट्ट बसवून निरनिराळ्या लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारतात आणि ज्याचा पुंजका लहान तो लॉट एकदम घेतात. ही सोय नसेल तर टेकूवरून हेच करावे. महाग खोका म्हणजे चांगला खोका हा समज मात्र सोडावा.

पुंजक्याचे वाचन हा तर स्वतंत्र विषय. पुंजका लहान पण केंद्राबाहेर असेल तर दोष साईटचा, साईट फिरवा. बहुतेक साईटच्या एका टिचकीने गोळी ५० मीटरवर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास सरकते. पुंजका विखुरलेला असेल तर साईटला हात लावू नका, दोष शरीरात आहे. उभा पसरला असेल तर श्वास आणि गालाचा दाब पाहा. आडवा पसरला असेल तर बैठकीची दिशा, घोड्यावरचे बोट, किंवा वारा.

वारा ही ५० मीटरची स्वतंत्र विद्या आहे. रेंजवर १० आणि ३० मीटरवर झेंड्या असतात. नेहमीच्या उजव्या पिळाच्या नळीत उजवीकडून येणारा वारा गोळीला डावीकडे आणि किंचित वर नेतो, डावीकडचा उजवीकडे आणि किंचित खाली. मंद झुळूकही दहाच्या बाहेर न्यायला पुरते. जाणते नेमबाज वाऱ्याचा एकच रंग ठरवतात, तो आला की मारतात, बदलला की थांबतात. आपल्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुणांसह विश्वविजेतेपद मिळवले. त्या ६० गोळ्यांत तीनच गुण गेले. अशी गुणसंख्या होते ती झेंड्या वाचून.

घरी काय करावे? क्लबची रायफल घरी आणता येत नाही आणि .२२ साठी शस्त्रपरवाना लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्यांच्याकडे परवान्याचे शस्त्र आहे त्यांनी कोरडा सराव करताना चेंबर रिकामा असल्याची दोनदा खात्री करावी आणि काडतुसे वेगळ्या खोलीत कुलपात ठेवावीत. काठावर प्रहार करणाऱ्या या रचनेत रिकाम्या चेंबरवर पिन आपटून नुकसान होऊ शकते, म्हणून निर्मात्याच्या सूचना पाहून मारलेले रिकामे काडतूस वा सरावाचे बनावट काडतूस घालावे. ज्यांच्याकडे शस्त्र नाही त्यांनी एका पायावर डोळे मिटून तोल साधावा, पोटाचे व पाठीचे व्यायाम करावेत. आणि वही ठेवावी. तारीख, लॉट, वारा, पट्ट्याची खूण, मनात काय चालले होते ते लिहावे. एनसीसीच्या दिवसांत .२२ हाती घेऊन पुढे मोठ्या झालेल्या अंजली भागवत यांच्यासारख्यांचा प्रवासही उसन्या रायफलच्या काळातूनच झाला आहे. अनेक क्लबमध्ये आजही तोच काळ चालू आहे.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. कर्ज काढण्यापूर्वी तीन गोष्टी करा. मुलीची सध्याची रायफल टेकूवर ठेवून पाच लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारून पाहा. त्यांतला एकही पुंजका दहाच्या वर्तुळात मावत नसेल तर दोष नळीचा वा काडतुसाचा, मग नळीची तपासणी करून घ्या. एखादा पुंजका मावत असेल तर ती रायफल मुलीहून पुढे आहे, नवीन घेऊ नका. दुसरे, जॅकेट तिच्या अंगाचे आहे का ते पाहा. वाढत्या वयात दीड वर्षांपूर्वीचे जॅकेट आणि दस्त्याची लांबी दोन्ही चुकतात, आणि दस्ता जुळवायला पैसे लागत नाहीत, किल्ली लागते. तिसरे, तिची वही मागून घ्या. वही नसेल तर उद्या सकाळी चाळीस रुपयांची एक आणून द्या आणि तीन महिन्यांनी मला पत्र टाका.