बाहेर दिलेला शब्द घरात पाळायचा

(उरण तालुक्यातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर न्हावा शेवा इथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

'जगाच्या कारभारात देशाचं नैतिक नेतृत्व' हा आजचा विषय. ऐकायला दिल्लीचा वाटतो. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पहाटे बाजार गाठणाऱ्या बाईचा त्याच्याशी काय संबंध, असं तुम्हाला वाटत असेल, तर ते साहजिक आहे. पण जगाचा कारभार बघायला आपल्याला लांब जायला नको. तो आपल्या खाडीवर उभा आहे. २६ मे १९८९ रोजी हे बंदर सुरू झालं. आज इथल्या धक्क्यांवर दुबईची कंपनी आहे, डेन्मार्कची आहे, सिंगापूरची आहे. जग इथे रोज कंटेनरने येतं. कधी माल येतो, कधी घाणही येते. तेलाच्या नावाखाली आलेल्या घातक कचऱ्याचे १३३ कंटेनर इथे अडकून पडले होते, आणि ते तेल जाळून नष्ट करा, असा आदेश २००५ साली सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

तेव्हा प्रश्न असा, की या जगात आपला देश काय बोलतो, आणि इथे काय करतो?

बोलण्यात आपण मागे नाही, हे आधी अभिमानाने सांगते. १९४८ साली मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' अशा अर्थाचे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी हरकत घेतली. पुरुष म्हटलं की त्यात बाई आलीच, हे त्यांना मान्य नव्हतं. शेवटी 'सर्व माणसं' असा शब्द आला. त्या वेळी भारत गरीब होता, नुकताच स्वतंत्र झाला होता, हाताशी ना पैसा ना शस्त्रं. तरी एका बाईने जगाची भाषा बदलली. मी याला नैतिक नेतृत्व म्हणते. त्याला मोठेपणा लागत नाही, हिंमत लागते.

पुढे ९ जुलै १९९३ रोजी भारताने स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली. हा करार 'सीडॉ' नावाने ओळखला जातो. कुटुंब, लग्न, रूढी यांबाबतच्या कलमांवर सरकारने आपल्या अटी नोंदवल्या. पण चौदाव्या कलमावर एकही अट घातली नाही. हे कलम ग्रामीण स्त्रियांचं आहे. विकासाचं नियोजन होताना त्यांचा सहभाग हवा, आणि जमीन व पुनर्वसनाच्या योजनांत त्यांना समान वागणूक हवी, असं त्यात लिहिलं आहे. पुनर्वसन हा शब्द आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणून हे कलम जणू आपल्यासाठीच लिहिलंय.

आता घरात बघू. १६ आणि १७ जानेवारी १९८४ चा गोळीबार मी पाहिला नाही, माझा जन्म नंतरचा. पण इथे काम करायला आल्यापासून तो ऐकते आहे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर आले, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व पुढे आलं. बायका त्या लढ्यात होत्या, लाठ्या त्यांनीही खाल्ल्या. पण भूखंड कुणाच्या नावे? सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याच्या. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आला, देशभर २००५ साली. इथल्या जमिनी त्याआधीच गेल्या होत्या.

आणि जिच्या घरात सातबाराच नव्हता तिचं काय? खाजणात कालवं काढणारी, निवट्या-चिंबोऱ्या धरणारी, मासळी सुकवून विकणारी कोळीण. तिची जमीन गेली नाही, म्हणून कागदावर तिचं काहीच गेलं नाही! जुन्या शेवा गावातल्या कोळी कुटुंबांना बंदरासाठी उठवून हनुमान कोळीवाड्यात वसवलं. तिथे वाळवीने घरं पोखरली, आणि नव्या पुनर्वसनाची मागणी करत गावाची वर्षानुवर्षं गेली. खाडी गेल्याचं नुकसान मोजलं जायला २०१५ साल उजाडलं. राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यायचा निकाल दिला. कुटुंबामागे सरासरी ५ लाख ८४ हजार. हा आपल्या लोकांचा मोठा विजय आहे, तो लहान करू नका. पण 'कुटुंब' म्हटल्यावर पैसा कुणाच्या हातात येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि हाच देश २०२२ च्या जूनमध्ये जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेत गरीब देशांच्या छोट्या मच्छीमारांची बाजू घेऊन बोलला. बरोबरच बोलला. मोठ्या देशांच्या मोठ्या बोटींनी समुद्र ओरबाडला आणि नियम मात्र लहान होडीवाल्यावर लादायचे, हा अन्याय आहे. पण जिनिव्हाला ज्याची बाजू घेता, त्याला इथे लवादाचे उंबरे का झिजवावे लागतात? २०२३ साली जी-२० च्या अध्यक्षपदी बसून आपण 'वसुधैव कुटुंबकम्' म्हणालो. त्या कुटुंबात कालवं काढणारी बाई मोजली आहे का?

यावर दोन उत्तरं मिळतात. पहिलं: बंदर झालं नसतं तर देश पुढे गेला नसता. मैत्रिणींनो, बंदर नको असं मी म्हणत नाही. आपल्यातल्या कित्येकींच्या घरची चूल बंदरावरच्या पगारावर पेटते. पण किंमत कुणी मोजायची हे आधी, सगळ्यांसमोर ठरलं पाहिजे. दुसरं उत्तर: हे करार परदेशी, बाहेरच्यांना आपली धुणी कशाला दाखवायची? त्यांना हंसा मेहतांचं नाव सांगा. आणि राजस्थानच्या साथीण भंवरी देवीचंही सांगा. तिच्यावरच्या अत्याचारानंतर महिला संघटना न्यायालयात गेल्या, आणि १९९७ साली विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच सीडॉचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. पुढे २०१३ साली त्याचा कायदा झाला. करार आपोआप हलत नाही. खालून कुणीतरी तो ओढावा लागतो.

झालं ते झालं, असंही म्हणून चालणार नाही. डहाणूजवळ वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. त्यात ७४ टक्के वाटा आपल्याच शेजारच्या बंदर प्राधिकरणाचा आहे. तिथल्या मच्छीमार बायका आज ज्या प्रश्नांशी झगडतायत, त्यांची उत्तरं शोधताना इथल्या बायकांचे केस पिकले. आपला अनुभव त्यांच्यापर्यंत गेला पाहिजे.

म्हणून तीन कामं सुचवते. एक, आपल्या गावात बायका खाडीतून, खाजणातून, मासळीविक्रीतून काय कमावत होत्या आणि आज काय कमावतात, याची यादी करा. सर्वेक्षणात ते काम आलं नाही, तर भरपाईतही येणार नाही. दोन, भूखंड, घर, भरपाईचं खातं यावर नवरा-बायको दोघांची नावं मागा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता यांना स्वतंत्र कुटुंब मानलं आहे. अशा एकेकीला शोधून ही तरतूद सांगा. तीन, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावर उरकू देऊ नका. तिथे ठराव करा, इतिवृत्तात नोंदवून घ्या, नक्कल मागा. सीडॉच्या समितीपुढे सरकार अहवाल मांडतं, तेव्हा महिला संघटनाही आपला पर्यायी अहवाल देऊ शकतात. त्यात तुमच्या ठरावाची नक्कल जोडता येते. व्यक्तिशः तक्रार करण्याची वाट ज्या पूरक करारामुळे खुली होते, तो भारताने स्वीकारलेला नाही. तो स्वीकारावा, ही मागणीही आपण लावून धरू.

समाजकार्याचं शिक्षण घेताना मी हे करार परीक्षेसाठी पाठ केले होते. त्यांचा अर्थ तुमच्या वस्त्यांत फिरताना कळला. जगाला नीती शिकवायला निघालेल्या देशाची परीक्षा जगाच्या व्यासपीठावर होत नाही. ज्या गावाने बंदरासाठी आपलं अंगण दिलं, त्या गावातल्या सगळ्यात गरीब बाईच्या दारात ती होते. पेपर तपासायचं काम आपलं आहे. येत्या महिन्यात प्रत्येक मंडळाने आपली यादी तयार करून आणावी, म्हणजे पुढच्या बैठकीत आपण ठरावाचा मसुदाच करू.