सरळ रेषेत चालणारा गाडा

द्वारका म्हटले की मराठी मनाला सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील श्रीकृष्णाची नगरी आठवते. त्याच नावाची दुसरी द्वारका दिल्लीच्या नैर्ऋत्येस आहे. पूर्वी पप्पनकलां या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात दिल्ली विकास प्राधिकरणाने हे उपनगर वसविले. तिथे 2018 साली विद्यापीठाचा दर्जा मिळालेली नेताजी सुभाष ही तंत्रशिक्षणसंस्था आहे, आणि बाजारांतून नळ, कड्या, बिजागऱ्या विकणारी हार्डवेअरची दुकानेही आहेत. स्वतःच्या हाताने यंत्र घडवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या दुकानांतील सामानही पुष्कळ काही शिकवू शकते.

चाक गोल फिरविणे सोपे असते. परंतु एखादी वस्तू न डगमगता सरळ रेषेत पुढेमागे नेणे कठीण. मेजाचा खण एका कोपऱ्याला धरून ओढला की तो तिरपा होतो आणि अडकतो. ओढ मध्यरेषेपासून जितकी दूर, तितका खण वळू पाहतो, आणि त्याच्या बाजू कडांवर अधिक दाबल्या जातात. घर्षण वाढते. एका मर्यादेनंतर कितीही जोर केला तरी खण हलत नाही. खण जितका उथळ, तितका तो लवकर अडकतो. म्हणूनच सरकता गाडा आखूड न ठेवता लांब करावा, हा पहिला धडा.

दुसरा धडा घर्षण कमी करण्याचा. कारखान्यात यासाठी घासून गुळगुळीत केलेले पोलादी रूळ आणि छऱ्यांनी भरलेले ठोकळे वापरतात. ते उत्तम असतात आणि महागही असतात. हौशी कारागिराला मात्र 608 क्रमांकाचे साधे बेअरिंग पुरते. त्याचे छिद्र 8 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 22 आणि जाडी 7 मिलिमीटर. चाकांच्या बुटांत बसणारे हे बेअरिंग अल्प किमतीत मिळते.

रचना अशी. अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलचा तुकडा घ्यावा. त्याच्या दोन्ही पाखांवर आतून एकेक बेअरिंग बोल्टने आवळावे, म्हणजे ती पोलादी नळीला परस्परांशी काटकोनात दोन बाजूंनी टेकतात. बेअरिंग आणि अँगल यांच्यामध्ये लहान वॉशर अवश्य घालावा. तो केवळ आतल्या कड्याला टेकला पाहिजे. मोठा वॉशर बाहेरच्या कड्याला घासून बेअरिंग फिरूच देत नाही. अशी एक जोडी गाड्याच्या पुढच्या टोकाला आणि दुसरी मागच्या टोकाला बसवावी.

आता दुसऱ्या बाजूच्या नळीवरही अशाच दोन जोड्या बसवाव्यात, असे सहज वाटते. चूक होते ती इथेच. मोकळ्या वस्तूला सहा प्रकारे हलता येते: तीन दिशांना सरकता येते आणि तीन अक्षांभोवती वळता येते. सरळ जाणाऱ्या गाड्याला यांपैकी एकच हालचाल हवी. उरलेल्या पाच रोखायला पाच टेकू पुरतात. चार टेकू पहिल्या नळीवर झाले. दुसऱ्या नळीवर वरून टेकणारे एकच बेअरिंग बसवले की पाचवा टेकू मिळाला. गाड्याचे वजन त्याला खाली धरून ठेवते.

याहून अधिक टेकू दिले, तर दोन्ही नळ्या अगदी समांतर असाव्या लागतात. तसे नसेल तर गाडा कुठे अडतो, कुठे खडखडतो. दिल्लीच्या हवेत तर हे अधिकच जाणवते. हिवाळ्यातील 5 अंशांपासून उन्हाळ्यातील 45 अंशांपर्यंत पारा चढला, की 1 मीटर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सुमारे 0.9 मिलिमीटर वाढते, आणि तेवढीच पोलादी पट्टी सुमारे अर्धा मिलिमीटर. हा फरक कुठेतरी सामावला पाहिजे. एकट्या बेअरिंगला नळीवर किंचित आडवे सरकण्यास वाव असतो, त्यामुळे गाडा दोन्ही ऋतूंत सारखाच चालतो.

नळी निवडताना ती जाड काचेवर लोळवून पाहावी. खालून उजेडाची फट दिसली तर नळी वाकडी आहे. पातळ नळीही टाळावी, कारण बेअरिंगचे कठीण कडे तिच्यावर चरा पाडते. धूळ असेल तिथे दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेले बेअरिंग घ्यावे.

अशा गाड्यावर पोलाद कापण्याचे यंत्र उभे राहणार नाही. चित्रे रेखाटणारे यंत्र मात्र त्यावर चालेल, कॅमेरा सरकविता येईल, हलके लाकूडकामही होईल. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. नंतर ते लोखंडी नांगराकडे वळले, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. शाळेत शिकविणारा हात दुकानातही रमला, म्हणून हे घडले. द्वारकेतील विद्यार्थ्याने महागड्या रुळांसाठी थांबून राहू नये. चार-पाच बेअरिंगे, दोन नळ्या आणि अँगलचा तुकडा एवढ्यावर आरंभ होतो. कुठे आधार द्यावा आणि कुठे मोकळीक ठेवावी, हे एकदा हाताला कळले, की पुढे उत्तम रूळ हाती आल्यावर त्यांचाही उपयोग त्याला नीट करता येईल.