वलगावच्या रस्त्यावरची आरएक्स १००

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना वलगावात एखादी जुनी यामाहा आरएक्स १०० दिसण्याआधी आवाजावरूनच ओळखू येते. एस्कॉर्ट्सने १९८५मध्ये भारतात आणलेली ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक गाडी १९९६मध्ये बंद झाली. शौकीन काही थांबले नाहीत. या इंजिनात ऑइल पेट्रोलसोबतच जळतं, म्हणून सायलेन्सरात काजळी साचते. गाडी ओढेनाशी झाली, तर इंजिन उघडण्याआधी सायलेन्सर साफ करून पाहा. ऑइल पंपाकडे मात्र दुर्लक्ष नको. वऱ्हाडी उन्हात ऑइल कमी पडलं की पिस्टन जाम होतो; मग सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन टाका! कर्कश सायलेन्सरची हौस मला पटत नाही. तोच पैसा ब्रेक लायनर आणि टायरवर घालावा. शिवाय पंधरा वर्षांनंतर आरटीओत दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आहेच.