चावणारा बूट सैल होत नाही



शाळा सुरू झाल्या आहेत, शालेय स्पर्धांचे दिवस जवळ येत आहेत आणि ज्या घरात बास्केटबॉल खेळणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरात नव्या बुटांची बोलणी सुरू झाली असतील. खेळ काय आहे, नियम काय आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात मी वेळ घालवत नाही. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. दुकानात चावणारा बूट मैदानावर सैल होत नाही. म्हणून आधी पाय मोजा, मग बूट घ्या. हे मी पुढच्या काही मिनिटांत पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळू नका. दरवर्षी हीच चूक होते आणि त्रास पोरांच्या पायांना होतो.

आपण कोल्हापूरकर ही चूक का करतो, याचं उत्तर मला आपल्या चपलेत सापडतं. नवी कोल्हापुरी चप्पल चावते. अंगठ्याजवळ चावते, पट्ट्याखाली चावते. आपण तक्रार करत नाही. तिला तेल पाजतो, रोज थोडा वेळ घालतो आणि काही दिवसांनी ती अशी पायाची होते की दुसऱ्या कुणी घातली तर त्याला ती परकी वाटावी. हे होतं कसं? ते कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. त्याला तेल, घाम आणि पायाची ऊब मिळाली की ते मऊ पडतं आणि पावलाचे खळगे-उंचवटे धरून बसतं. तळावर बोटांचा ठसा उठतो. शिवाय बोटं मोकळी असतात. चप्पल थोडी आखूड झाली, तरी बोटांच्या पुढं काही आडवं येत नाही. हा अनुभव आपल्या आज्या-पणज्यांपासून आपल्या पायांत मुरलेला आहे. म्हणून बुटाच्या दुकानात पोरगं म्हणतं, ‘आई, करंगळीला लागतंय,’ आणि आई म्हणते, ‘घाल रे, चार दिवसांत सैल होतोय बघ.’

नाही होणार, ताई. आजच्या बास्केटबॉल बुटाचा वरचा भाग बहुतेक वेळा पॉलिस्टरच्या विणलेल्या कापडाचा असतो आणि त्यावर जागोजागी प्लॅस्टिकचा पातळ थर बसवलेला असतो. तो ताणला जाऊ नये, अशीच त्याची रचना केलेली असते. खेळाडू सरळ धावता धावता एकदम बाजूला वळतो, तेव्हा पाऊल बुटाच्या कडेवरून बाहेर सरकू पाहतं. त्याला अडवायचं काम त्या कापडाचं. ते ताणलं, तर घोटा गेलाच म्हणून समजा. म्हणजे चांगला बूट हा सैल न होण्यासाठीच बनवलेला असतो. त्याला तेल पाजता येत नाही. आतला फोम दबतो, पण बुटाची रुंदी वाढत नाही. करंगळीला आज लागतंय, तर सामन्याच्या दिवशीही लागणार.

आता मापाकडे येऊ. इथं मात्र चपलेकडूनच शिकायचं आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तशाच चपला मांडल्या आणि जगभर चर्चा झाली. सगळ्यांनी तिचा आकार पाहिला, पट्टा पाहिला. मला त्याहून मोलाची वाटते ती मापाची चप्पल करून देणाऱ्या कारागिराची रीत. तो नंबर विचारून थांबत नाही. पाय कागदावर ठेवायला लावतो, पावलाभोवती पेन्सिल फिरवतो आणि रुंदी बघतो. चामड्याला हात लावण्याआधी तो पाय बघतो. जी चप्पल पुढं आपोआप पायाची होणार आहे, तिच्यासाठी एवढं माप घेतलं जातं. आणि जो बूट कधीच बदलणार नाही, तो आपण नुसता नंबर सांगून, रंग बघून, मोबाइलवरून मागवतो!

माप घरी घ्या. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडे फुगतात आणि खेळतानाही ते फुगलेलेच असतात. खेळताना जे जाड मोजे घालायचे, तेच घालून घ्या. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहायचं. बसून नाही, उभं राहून. अंगाचा भार पडला की पाऊल लांबीला आणि रुंदीला पसरतं. सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. ते अंगठाच असेल असं नाही, कित्येकांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजा. दोन पावलं सहसा अगदी सारखी नसतात. मोठ्या पावलाचं माप धरायचं. मग बुटाच्या जिभेवरची चिठ्ठी वाचा. तिथं यूके, यूएस, युरोप असे निरनिराळे नंबर असतात आणि बऱ्याच बुटांवर सेंटिमीटरही दिलेले असतात. एका कंपनीचा सात आणि दुसरीचा सात यांत फरक निघतो. तुमच्या कागदावरचे सेंटिमीटर मात्र तुमचेच असतात, म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवा.

दुकानात गेल्यावर बुटातली गादी बाहेर काढा आणि तिच्यावर उभं राहा. पाऊल गादीच्या कडेबाहेर सांडत असेल, तर तो बूट तुमचा नाही. मग बूट घाला, नाड्या बांधा, उभं राहा. लांब बोटाच्या पुढं साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. दुकानातच दोन-चार उड्या मारा, डावीकडे-उजवीकडे झटकन पाय टाका. टाच वर उचलली जाता कामा नये. दुकानदार काही म्हणत नाहीत. आणि म्हटलं, तरी पैसे आपण देतोय.

रुंदीबद्दल थोडं जास्त सांगतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या पुढाकारानं २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मोजणी झाली. आपली पावलं सर्वसाधारणपणे युरोप-अमेरिकेतल्या पावलांपेक्षा रुंद आहेत, असं त्यातून पुढं आलं. दुकानातले बहुतेक बूट मात्र परदेशी मापांवर बेतलेले. मग आपण काय करतो? रुंदीला बसावा म्हणून एक नंबर लांब घेतो. रुंदी जमते, पण बूट पायाच्या पुढं जातो आणि जिथं बोटं मुडपतात तिथं न वाकता भलतीकडेच वाकतो. रुंद पायासाठी लांब बूट हा उपाय नाही. दुसरं मॉडेल, दुसरी कंपनी बघा. काहींचे साचे पुढून मोकळे असतात.

आणि वाढत्या मापाचा बूट! ‘पुढच्या वर्षीपण चालंल’ म्हणून दोन नंबर मोठा. घरखर्चाची ओढाताण मला समजते, ती खोटी नाही. पण ढगळ बुटात पाऊल दर थांबण्याला पुढं सरकतं, नखं आपटून काळी पडतात, टाचेला फोड येतात. मोठ्या मापाच्या महाग बुटापेक्षा बरोबर मापाचा साधा बूट कधीही चांगला. कॅनव्हासच्या बुटांवर आपल्याकडच्या पिढ्या खेळल्या आहेत. किमतीत कमी करा, मापात नको.

धावायचे बूट घालून बास्केटबॉल खेळणारी पोरं मला मैदानावर दिसतात. तो बूट सरळ पुढं जाण्यासाठी केलेला असतो. टाचेखाली उंच, मऊ, आणि कडेला आधार कमी. बास्केटबॉलमध्ये बाजूला पाय टाकणं, एकदम थांबणं आणि उडी मारून खाली येणं, हेच सगळं असतं. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दहा हजारांहून जास्त खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. घोट्याच्या जवळजवळ निम्म्या दुखापती उडीवरून खाली येताना झाल्या होत्या, आणि ज्यांचा घोटा आधी कधी दुखावला होता त्यांना धोका जवळपास पाचपट होता. उंच गळ्याचा बूट घेतला की घोटा वाचतो, असं आपण धरून चालतो. पण १९९३ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात उंच आणि बुटक्या गळ्याच्या बुटांत तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणून उंच गळ्यासाठी जास्तीचे पैसे मोजताना विचार करा. रुंद, स्थिर तळ आणि टाच घट्ट धरणारा मागचा भाग, हे आधी बघा. घोट्याचे व्यायाम हा वेगळा विषय आहे, त्यावर बोलायला लागलो तर... तो राहू दे. पाय मोजा, हे आधी.

आता टिकाऊपणा. तो आपण कसल्या कोर्टवर खेळतो यावर ठरतो. डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये हा खेळ सुरू केला तो बर्फाळ हिवाळ्यात, बंद व्यायामशाळेत. कॉनव्हर्सनं १९१७ मध्ये ऑल स्टार बूट आणला, तोही अशाच आतल्या मैदानांच्या काळात. आजही भारी बुटांपैकी बरेच लाकडी कोर्ट डोळ्यांपुढं ठेवून केलेले असतात; त्यांचं रबर मऊ, चिकट. आपली पोरं खेळतात सिमेंटच्या कोर्टवर. शाळेचं असो, संकुलातलं असो, बहुतेक ठिकाणी सिमेंट, वर बारीक धूळ आणि खडी. मऊ रबर सिमेंटवर पेन्सिलीच्या खोडरबरासारखं झिजतं. बूट उलटा करा. रबर नखानं दाबून बघा. ते सहज दबू नये. नक्षी खोल हवी, नागमोडी रेघांची असेल तर उत्तम. आरपार दिसणारं चकचकीत रबर धूळ धरतं आणि घसरतं. बाहेरच्या मैदानासाठी काही कंपन्या जाड, कडक रबर लावतात. दुकानदाराला तसं स्पष्ट विचारा, ‘सिमेंटवर खेळायला पाहिजे.’

पुन्हा चपलेकडेच येतो, कारण टिकण्याचाही गोंधळ तिथूनच होतो. चपलेचा तळ झिजला तर कारागीर नवा तळ लावून देतो, उसवली तर वादीनं शिवून देतो, आणि ती आणखी काही वर्षं चालते. बुटाचं तसं नाही. बुटाचा जीव त्या मधल्या फोममध्ये. तो एकदा बसला, की वरचं कापड नवं दिसत असलं तरी बूट संपला. फोमच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडल्या, टाच एका बाजूला कलली, खेळून आल्यावर गुडघे-पोटऱ्या दुखायला लागल्या, तर बूट बदला. सवलतीतला जुना माल घेताना जपून. गोदामात वर्षानुवर्षं पडलेल्या बुटांच्या तळातला पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेनं आतून कुजतो आणि चालता चालता तळ तुकड्यांनी गळून पडतो. आपल्या पावसाळ्यात तर हे लवकर होतं.

बूट भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात नको, चुलीजवळ तर मुळीच नको, डिंक सुटतो. चपलेला तेल चालतं म्हणून बुटाला लावू नका. आणि खेळायचा बूट घालून बाजारात, क्लासला, रंकाळ्यावर फिरायला जाऊ नका. रस्त्यावर झिजलेली नक्षी कोर्टवर परत येत नाही. एवढं एक पाळलं, तरी बूट कितीतरी जास्त दिवस चालतो.

मुलींबद्दल सांगायचं होतं. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताकडून खेळली; ते बघून या खेळाकडे मुलींचा ओढा वाढावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण बाजारातले पुष्कळ बूट पुरुषांच्या साच्यावरचे असतात. मुलींची टाच सहसा अरुंद असते आणि त्यात ती खेळते, म्हणजे वर-खाली होते. यासाठी नाडी शेवटच्या भोकातून एका खास पद्धतीनं ओवतात... ते हातात बूट घेऊनच दाखवावं लागेल. तुमच्या क्रीडाशिक्षकांना विचारा, ते दाखवतील.

वेळ संपत आली असं खुणावलं जातंय. मोज्यांचं राहिलं, सपाट तळव्यांचं राहिलं. राहू दे. एवढं तरी करा. आज संध्याकाळी पोरगं किंवा पोरगी खेळून आली, की मोजे तसेच ठेवून, भिंतीला टाच लावून कागदावर उभं करा. दोन्ही पाय मोजा, आणि सेंटिमीटर कागदावरच लिहा. तो कागद खिशात घालून दुकानात जा. आणि तिथं पोरगं ‘लागतंय’ म्हणालं, तर त्याचं ऐका, तो बूट परत ठेवा. सैल होत नाही तो.