श्वास आपलाच, पण ओळख नाही

रोवणी उरकत आली, पोळा तोंडावर आला, आणि कंबर काही अजून सरळ होत नाही. अशा दिवसांत आज आम्ही तुमच्याशी श्वासाबद्दल बोलणार आहोत. गटाच्या बैठकीत हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा दोघीतिघी हसल्याच. 'त्याच्याबद्दल काय बोलायचं, तो तर चालूच असते,' म्हणाल्या. खरंच आहे. मोठं माणूस आरामात बसलेलं असलं की मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतं. दिवसाचा हिशेब केला तर आकडा 20 हजारांच्या आसपास जातो. एवढ्यातले आपल्या ध्यानात किती येतात? दम लागला, रडू फुटलं, ठसका लागला, तेवढेच.

आज आम्ही जे सांगणार आहोत त्याला पैसा लागत नाही, वेगळी खोली लागत नाही, आणि सासूबाईंची परवानगीही लागत नाही. येणारा श्वास आला हे जाणायचं, जाणारा गेला हे जाणायचं. बस. लांब आला तर लांब, आखूड आला तर आखूड. त्याला ओढायचं नाही, दाबायचं नाही. प्राणायामात आपण श्वासाला आपल्या मनासारखं चालवतो, इथे तो जसा चालतो तसा बघतो. बांधीत पाणी कुठून येतं, कुठून जातं हे आपण धुऱ्यावर उभं राहून बघतो ना, तसंच.

ही गोष्ट आपल्या मुलखाला नवीन नाही. आपल्या पवनीत वैनगंगेच्या काठी जगन्नाथ टेकडी आहे. तिथे 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठाने आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं आणि मातीखालून दोन हजार वर्षांहून जुना मोठा स्तूप निघाला. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्या माणसांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. म्हणजे त्या काळी आपल्याच नदीकाठी भिक्खू-भिक्खुणींना जेवू घालणारी, दगड दान करणारी माणसं राहत होती. बुद्धांनी आपल्या शिष्यांना जी साधना शिकवली तिच्यात श्वास जाणणं हे मोठं काम आहे. पाली भाषेत तिला आनापानसती म्हणतात. आन म्हणजे आत येणारा, अपान म्हणजे बाहेर जाणारा, आणि सती म्हणजे भान. (सती शब्दाने दचकू नका, चितेवर चढवायच्या त्या सतीशी याचा काही संबंध नाही. हा पाली शब्द आपल्या 'स्मृती'चा भाऊ आहे.)

गंमत अशी की पवनीत खोदकाम सुरू झालं त्याच 1969 साली सत्यनारायण गोयंका नावाचे गृहस्थ ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्यांनी मुंबईत दहा दिवसांचं पहिलं विपश्यना शिबिर घेतलं. ते स्वतः व्यापारी, संसारी माणूस. पुढे 1976 मध्ये नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला धम्मगिरी हे केंद्र सुरू झालं. शिबिराचे पहिले तीन दिवस नुसता श्वास बघण्यात जातात. 1994 मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजाराच्या वर कैदी एकाच वेळी अशा शिबिराला बसले होते. आपल्या राज्यातल्या शाळांमध्येही 'मित्र उपक्रम' या नावाने मुलांना दहा-दहा मिनिटं आनापान शिकवलं गेलं. तुमच्या घरचं पोरगं शाळेतून आल्यावर डोळे मिटून बसलं असेल तर ते कुठून आलं हे आता कळलं असेल. श्वासावर कोणत्याही एका धर्माचा शिक्का नाही. आमच्या गटात साऱ्या जातीधर्माच्या बाया आहेत आणि नाक सगळ्यांना एकच आहे.

पण दहा दिवस घर सोडून जाणं आपल्यापैकी कितीजणींना जमतं? म्हशीचं कोण करेल, लेकराचं कोण बघेल? म्हणून आम्ही विचार केला तो रोजच्या कामातल्या श्वासाचा.

चुलीपासून सुरू करू. फुंकणी तोंडाला लावली की आपण आधी श्वास भरून घेतो आणि मग लांबलचक फुंकर सोडतो. चार-पाच फुंकरांनंतर डोकं हलकं होतं, कधी गरगरतं. म्हणजे श्वास बदलला की अंगात काहीतरी बदलतं, हे आपल्याला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. मात्र एक गोष्ट ठासून सांगतो, धुरात बसून श्वास बघत बसू नका. धुराने छातीचे कायमचे आजार लागतात. गॅसचं सिलिंडर महाग पडतं म्हणून अजून कितीतरी घरांत दोन वेळचा सयपाक काड्यांवरच होतो, हे आम्हाला माहीत आहे. निदान काड्या वाळलेल्या घ्या, दार-खिडकी उघडी ठेवा, लहान लेकराला काखेत घेऊन चुलीपुढे बसू नका. श्वास बघायला नंतर ओट्यावर या.

आता रोवणी. सकाळी चिखलात उतरलो की कंबरेतून वाकतो ते दुपारपर्यंत. पोट मांडीशी दाबलं जातं, म्हणून श्वास वरच्या वर, छातीतच अडकतो. आमच्यातल्या एकीने हे पहिल्यांदा ध्यानात आणून दिलं. ती म्हणाली, पऱ्ह्याची पेंढी संपली की मी नवीन पेंढी उचलण्याआधी सरळ उभी होते आणि तीन श्वास जाऊ देते. फक्त तीन. पहिल्या श्वासाला पोट कसं सुटतं ते कळतं, दुसऱ्याला खांदे खाली येतात, तिसऱ्याला तिला आजूबाजूचा पाऊस दिसतो, असं तिचं म्हणणं. मालकाची बाई धुऱ्यावरून ओरडली तरी तीन श्वासांना मिनिटही लागत नाही. आम्ही काहीजणींनी करून बघितलं. कंबर दुखायची थांबत नाही, खोटं कशाला सांगायचं. पण संध्याकाळी घरी आल्यावर जी चिडचिड होते, ती थोडी कमी होते असं आमचं मत झालं आहे.

असं का होत असेल? त्याची एक सोपी परीक्षा आहे. डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं ठेवून नाडी धरा. श्वास आत घेताना नाडी किंचित घाईने चालते, बाहेर सोडताना किंचित संथ होते. तरुण पोरींच्या हातावर हे जास्त चांगलं कळतं, वय झालं की फरक कमी होतो. बाहेर जाणारा श्वास निवांत असला की शरीराला निरोप जातो की धोका टळला. रागात आणि भीतीत याच्या उलट होतं, श्वास आखूड आणि भराभर होतो. राग आला हे मनाला उशिरा कळतं, श्वासाला आधी कळतं. त्या चिठ्ठीसारख्या आखूड श्वासाला जी ओळखते तिला बोलण्याआधी एक क्षण जास्त मिळतो.

एका बैठकीतली गोष्ट सांगतो, नाव नाही सांगत. एका ताईचा हप्ता दोन महिने थकला होता. गटात कुजबुज झाली, मग आवाज चढले. 'तिच्या घरी नवीन पंखा आला, मग हप्त्याला पैसे कसे नाही,' इथपर्यंत गोष्ट गेली. त्या दिवसापुरता आमचा नियम नवा होता, की हिशेबाची वही उघडण्याआधी दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं. अध्यक्षबाईंनी भांडणाच्या मध्येच तो नियम लावला. दोन मिनिटं. बाहेर कोंबडी ओरडत होती, कुणाचं तरी नाक वाजत होतं. मग ती ताई स्वतःच बोलली. मुलीच्या दवाखान्यासाठी तिने खासगी फायनान्सचं कर्ज काढलं होतं, त्याची वसुली दर आठवड्याला दारात येत होती, आणि घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. पंखा माहेरून आला होता. आता हे श्वासाने झालं असा दावा आम्ही करत नाही. कर्ज तसंच राहिलं, गटाने हप्त्याची मुदत वाढवून दिली तेव्हा तिला थोडी फुरसत मिळाली. पण दोन मिनिटं गप्प बसलो नसतो तर तिच्या तोंडून ते निघालं नसतं, यावर आमचं एकमत आहे. तेव्हापासून वही उघडण्याआधीची दोन मिनिटं कायम झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. काही ठिकाणी बाईला सांगतात, शांत बस, श्वास घे, सोसून घे. नवरा मारतो आणि बाईने श्वास बघायचा, हे आम्हाला मान्य नाही. श्वास ओळखण्याचा उपयोग इतकाच की घाबरलेल्या डोक्यातही पुढचं पाऊल सुचावं, शेजारणीकडे जायचं की फोन करायचा ते ठरावं. 181 ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे आणि 112 वर पोलीस येतात. हे दोन आकडे पाठ ठेवा, लेकींनाही पाठ करून द्या. मनावर फार दिवसांचं ओझं असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट, श्वासाचा प्रत्येक त्रास मनाचा नसतो. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते, आडवं झालं की गुदमरतं, पायाला सूज येते, तर ध्यानाच्या मागे लागू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आपल्याकडे बायांच्या अंगात रक्त कमी असणं फार, आणि विदर्भात सिकलसेलही आहे. हिमोग्लोबिनची आणि सिकलसेलची तपासणी आशाताईंना विचारून करून घ्या. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. छातीत एकाएकी कळ आली तर वाट बघू नका, 108 ला फोन करा.

आणि काहीजणींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जीव घाबरा होतो. दम्याच्या बायांना होतं, ज्यांच्यावर काही भयंकर गुदरलं आहे त्यांना होतं. त्यात तुमचा काही दोष नाही. अशा वेळी डोळे उघडे ठेवा आणि लक्ष तळपायांवर न्या, माती गार आहे की गरम ते बघा. बिडी वळणाऱ्या मैत्रिणींनी बोटांवर न्या, तेंदूचं पान कसं लागतं, दोरा कसा फिरतो. तेही भानच आहे. मन दुसरीकडे गेलं तर जाऊ द्या. ते जाणारच, माहेरी जाईल, बाजारात जाईल. गेलं हे कळलं की परत या, स्वतःला शिव्या न देता.

रात्रीचं एक सांगून थांबतो. अंथरुणाला पाठ टेकली की उद्याची यादी डोक्यात सुरू होते. दूध, डबा, निंदण, गटाची सही. एक हात पोटावर ठेवा. पोट वर आलं, पोट खाली गेलं, एवढंच मोजा, एक ते दहा, मग पुन्हा एक. बहुतेक जणी दहापर्यंत पोचतच नाहीत, एक तर यादी मध्ये येते किंवा झोप. दोन्ही चालतं.

मागच्या आठवड्यात एका ताईंचा फोन आला होता. विचारत होत्या, नाक चोंदलं असेल तर काय करायचं? ताई, तोंडाने घ्या, आणि वाफ घ्या. पुढच्या वेळी खरीप पीक विम्याच्या अर्जाबद्दल बोलू, कागदपत्रं काढून ठेवा. नमस्कार.