वशिला, ओळख आणि देहबोली



मराठी मध्यमवर्गीय घरात मुलाने पदवी घेतली की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले असे: 'आमच्या मुलाला कुणाच्या शब्दावर नोकरी नको, तो स्वतःच्या हिमतीवर मिळवील.' दुसरे सहा महिन्यांनी, काहीशा खालच्या आवाजात: 'तुमच्या कंपनीत काही जमतंय का, बघा ना.' मधले सहा महिने बहुधा वाया गेलेले असतात. पहिल्या वाक्यातला स्वाभिमान खोटा नाही, परंतु त्याच्या मुळाशी एक गफलत आहे. वशिला आणि ओळख आपण एकच समजतो. वशिल्यात निर्णय वाकवला जातो, लायक उमेदवाराला डावलून जागा दुसऱ्याला दिली जाते. ओळखीतून माहिती मिळते. जागा कुठे निघणार आहे, कामाचे स्वरूप नेमके काय, आधीचा माणूस का सोडून गेला, हे कळते. निवड त्यानंतर गुणांवरच व्हायची असते. वशिला त्याज्यच आहे. पण ओळख टाळण्यात कोणताही पराक्रम नाही.

मुंबईच्या गिरणगावाने या दोन्ही गोष्टी जवळून पाहिल्या. कोकणातून वा घाटावरून आलेला तरुण गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकी, खाणावळीत जेवे आणि गावातल्याच कुणाच्या ओळखीने खात्यातल्या जॉबरपर्यंत पोहोचे. त्या आधारावर हजारो कुटुंबे उभी राहिली. पण तोच जॉबर कामावर घेण्यासाठी दस्तुरीही उकळत असे. ओळखीचा वशिला केव्हा होतो, हे त्या पिढीला कुणी शिकवावे लागले नाही.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास अमेरिकेत झाला. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन येथील नोकरदारांना, त्यांना नोकरी कशी मिळाली, हे विचारले. त्याचा गाजलेला निबंध १९७३ साली आणि पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी परिचितांमार्फत मिळाली होती. त्यात आश्चर्य नव्हते; आश्चर्य पुढच्या आकड्यांत होते. परिचितांमार्फत नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांनाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून सुमारे ५६ टक्क्यांना, तर क्वचित भेटणाऱ्यांकडून सुमारे २८ टक्क्यांना. कारण उघड आहे. जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात वावरतो. त्याला ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी वार्ता वेशीबाहेरून येते. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनी या सिद्धांताला दुजोरा दिला, मात्र थोडी दुरुस्ती करून: सर्वांत उपयोगी ठरते ते ना घट्ट नाते, ना केवळ नावापुरती ओळख. मधल्या, बेताच्या ओळखी अधिक कामी येतात.

असे बेताच्या ओळखीचे लोक प्रत्येकाकडे असतात. शाळेत दोन बाके पुढे बसणारा, जुन्या वाड्यातून हिंजवडीकडे राहायला गेलेले शेजारी, वडिलांचे निवृत्त सहकारी, महाविद्यालयात दोन वर्षे पुढे असलेली मुलगी, गणेशोत्सवात वर्गणीचा हिशेब ठेवणारे काका. त्यांच्याकडे जाऊन 'मला नोकरी लावा' म्हणणे म्हणजे भल्या माणसाला अडचणीत टाकणे होय. त्याच्या हाती नोकरी नसते, माहिती असते. 'काका, तुमच्या क्षेत्रात नव्या मुलाकडून काय अपेक्षित असते, पंधरा मिनिटे सांगाल का?' या विनंतीला सहसा कुणी नाही म्हणत नाही. याउलट भ्रमणध्वनीवरून दोनशे जणांना एकाच वेळी परिचयपत्र धाडणे ही निव्वळ पत्रके वाटण्यासारखी गोष्ट आहे.

येथे एक खटकणारी बाजू आहे, ती झाकून ठेवू नये. ज्याच्या घरात शिकलेली ही पहिलीच पिढी आहे, त्याच्याकडे असे काका नसतात. तालुक्याच्या गावाहून पुण्यात आलेला मुलगा गुणांनी कमी नसूनही माहितीअभावी मागे पडतो. म्हणून आपल्या कार्यालयात जागा निघाल्याची वार्ता भाच्याला कळवताना वसतिगृहातल्या त्या मुलालाही कळवणे, हे नोकरीत स्थिरावलेल्यांचे काम आहे.

आता देहबोली. हा विषय आपल्याला परका नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार मानले, त्यांत आंगिक आणि सात्त्विक हे वाचिकाच्या बरोबरीने येतात. कौटिल्यानेही गुप्त मसलतीच्या संदर्भात इंगित आणि आकार यांचा वेगळा विचार केला आहे. मात्र आज व्यक्तिमत्त्व-विकासाच्या शिबिरांत जे शिकवले जाते, त्यातले बरेच पारखून घ्यावे. संवादाचा केवळ ७ टक्के भाग शब्दांत असतो, हे वाक्य फार लोकप्रिय आहे. ते अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांवरून उचललेले आहे आणि ते प्रयोग सुट्या शब्दांतून आवडनिवड कशी जाणवते, एवढ्यापुरतेच होते. मुलाखतीत उत्तर चुकले तर ताठ कणा ते बरोबर करीत नाही. हातपाय पसरून दोन मिनिटे उभे राहिल्याने शरीरातील संप्रेरके बदलतात, असा दावा २०१० साली झाला. २०१५ मध्ये अधिक मोठ्या गटावरील प्रयोगात तसे आढळले नाही आणि २०१६ मध्ये मूळ संशोधकांपैकी एकीने आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले.

मग उरते काय? साध्या गोष्टी. वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे हा आपल्याकडे विनय. मुलाखत घेणाऱ्याला ती धास्ती वाटू शकते. तीन जण समोर असतील तर प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहून उत्तर सुरू करावे आणि बोलता बोलता इतरांकडेही पाहावे. खुर्चीच्या कडेवर बसू नये. संगणकावरील मुलाखतीत पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहिले की समोरच्याला आपली नजर चुकवल्यासारखी दिसते. म्हणून बोलताना कॅमेऱ्याकडे पाहावे. मराठी माध्यमातील मुलांचे खांदे आखडतात ते बहुधा इंग्रजी शब्द न सुचण्याच्या भीतीने. तिथे खांद्यांवर उपचार करून भागत नाही. आपल्या प्रकल्पाची माहिती इंग्रजीत दहा वेळा मोठ्याने सांगितली की खांदे आपोआप सैल होतात.

हा सराव घरीच करता येतो. रविवारी सकाळी शेजारच्या एखाद्या निवृत्त गृहस्थांना पलीकडे बसवावे आणि भ्रमणध्वनीवर चित्रण करावे. ते प्रथम आवाज बंद करून पाहावे, मग डोळे मिटून नुसते ऐकावे. पाय हलवण्याची सवय पहिल्या वेळी दिसते, प्रत्येक वाक्याआधीचे 'अॅक्चुअली' दुसऱ्या वेळी. आणि मुलाखतीचा निकाल काहीही लागो, ज्या परिचिताने त्या जागेची वार्ता दिली होती, त्याला त्याच आठवड्यात फोन करून काय झाले ते सांगावे. बहुतेक मुले नेमका हाच फोन करीत नाहीत.