परीक्षकाला पोहे चालत नाहीत



या परिषदेचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं, त्यात कर्तृत्वापेक्षा वयाचा वाटा मोठा आहे. माहिती-सुरक्षेचं काम शिकायला आमच्या पिढीला अभ्यासक्रमच नव्हता. आधी सर्व्हर पडायचा, मग आम्ही शिकायचो. आता मात्र लग्नकार्यात भेटणारे पालक विचारतात, “सर, सायबर सिक्युरिटीची ऑनलाइन डिग्री चालेल का? त्यात सर्टिफिकेटंही मिळतात म्हणे!” आज मला या ‘म्हणे’बद्दल बोलायचं आहे.

उदाहरण अमेरिकेतलं घेतो, कारण पदवीतच प्रमाणपत्र देण्याचा हा प्रयोग तिथे चांगला मुरला आहे. सॉल्ट लेक सिटीची वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी पूर्णपणे ऑनलाइन चालते. 19 गव्हर्नरांनी मिळून ती 1997 साली उभी केली. तिथल्या सायबर सुरक्षेच्या पदवीत कित्येक विषयांची अंतिम परीक्षा विद्यापीठ स्वतः घेतच नाही. त्याऐवजी बाहेरची प्रमाणपत्र-परीक्षा असते: नेटवर्कच्या विषयाला कॉम्पटिया या संस्थेची नेटवर्क प्लस, सुरक्षेच्या पायाला सिक्युरिटी प्लस, पुढे सायसा प्लस आणि पेनटेस्ट प्लस. परीक्षेचा खर्च विद्यापीठाच्या फीमध्येच धरलेला असतो. फी सहा महिन्यांच्या सत्राची. त्यात जितके विषय पुरे कराल तितके तुमचे.

हे तिथेच का रुजलं? अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 2005 साली 8570 क्रमांकाची नियमावली काढली आणि सुरक्षेच्या ठरावीक कामांसाठी ठरावीक प्रमाणपत्रं सक्तीची केली. आज तिची जागा 8140 ने घेतली आहे. नोकरीच्या दारावरच प्रमाणपत्र मागितलं जाऊ लागल्यावर ते पदवीतच घालून द्यावं, हे विद्यापीठांना सुचणं साहजिक होतं.

मला मात्र यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. शिकवणारा आणि तपासणारा इथे वेगळे आहेत. आपल्याकडेही प्रात्यक्षिकाला बाहेरचा परीक्षक येतो. त्याला पोहे दिले जातात, चहा होतो, जर्नलवर सह्या होतात आणि दुपारी गाडी परत जाते. मीही ते पोहे खाल्ले आहेत. सिक्युरिटी प्लसच्या परीक्षकाला पोहे चालत नाहीत. नव्वद मिनिटं, जास्तीत जास्त 90 प्रश्न, 100 ते 900 च्या मापात 750 मिळाले तर पास. त्यातले काही प्रश्न पर्यायांवर खूण करून सुटत नाहीत. पडद्यावर काम करून दाखवावं लागतं. ओळखपाळख तिथे उपयोगी पडत नाही.

म्हणून मी या पद्धतीच्या बाजूचा आहे. पण तिच्या मर्यादाही सांगतो.

सिक्युरिटी प्लसची मुदत तीन वर्षांची असते. पुढची वरची परीक्षा द्या किंवा शिक्षण चालू असल्याचा पुरावा द्या, तरच ती वाढते. पदवीला अशी मुदत नसते. म्हणजे एकाच निकालात मिळालेल्या दोन कागदांपैकी एक भिंतीवर लावायचा आणि दुसरा दुधाच्या पिशवीसारखा तारीख बघून वापरायचा! पाच प्रमाणपत्रांचा अभिमान सांगणाऱ्या उमेदवाराला मी आधी तारखाच विचारतो.

दुसरी मर्यादा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनीच कबूल केलेली आहे. सीआयएसएसपी या नामांकित प्रमाणपत्रासाठी परीक्षेखेरीज पाच वर्षांचा अनुभव लागतो. संबंधित विषयातली पदवी असली तर त्यातलं फक्त एक वर्ष माफ होतं. परीक्षा पास झालेल्या पण अनुभव नसलेल्या माणसाला ते नुसतं सहयोगी म्हणवून घेऊ देतात. परीक्षेत काय मावतं आणि काय मावत नाही, हे परीक्षा घेणाऱ्याला चांगलंच ठाऊक आहे.

काय मावत नाही, ते सांगतो. एकदा मुलाखतीत मी लॉगची एक ओळ दाखवली. संशयास्पद लॉगिन, वेळ रात्री साडेआठ. “ऑफिसात कोण होतं ते शोधू,” असं बहुतेक मुलं म्हणाली. एका मुलीने विचारलं, “सर, हे घड्याळ कुठलं? यूटीसी असेल तर आपल्याकडे पहाटेचे दोन वाजले होते.” हे कुठे शिकलीस, असं विचारलं. म्हणाली, “मामाच्या दुकानात चोरी झाली तेव्हा सीसीटीव्हीचं घड्याळ चुकलेलं होतं. भलत्याच पोरावर आळ आला.” सर्व्हरची घड्याळं कशी जुळवतात, हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलं होतं. तिला मात्र त्या चुकीची किंमत माहीत होती.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा ऑगस्ट 2018 चा हल्ला आपण कोणीच विसरलो नाही. शनिवारी सुट्टीच्या दिवशी 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले, सोमवारी आणखी रक्कम परदेशी वळवली गेली आणि एकूण आकडा 94 कोटींच्या घरात गेला. आपल्या विद्यार्थ्याला कामावर भेटणार आहे तो असा शनिवार. तिथे चार पर्याय छापलेले नसतात.

म्हणून प्राध्यापक मित्रांना माझी विनंती आहे. प्रमाणपत्राची परीक्षा अभ्यासक्रमात जरूर आणा, तिचं शुल्क विद्यार्थ्याच्या माथी वेगळं मारू नका, आणि स्वतः परीक्षा न घेतल्याने वाचलेल्या वेळात त्याला खरे, गचाळ, चुकीच्या घड्याळाचे लॉग वाचायला बसवा. उद्योजकांनो, जाहिरातीत प्रमाणपत्रांची यादी छापता, तसा उमेदवाराला एक तास प्रत्यक्ष कामही द्या. आणि पालकांनो, डिग्रीत किती सर्टिफिकेटं मिळतात हे विचारण्याआधी तीनच प्रश्न विचारा: परीक्षा कोण घेतं, शुल्क कोण भरतं आणि मुदत कधी संपते. या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली, तर खुशाल प्रवेश घ्या.

 चहा तयार आहे, पोहेही आहेत. आज परीक्षा नाही, तेव्हा निःशंक खा.